ऑइल पिणारी जुनी गाडी : इंजिन खोलण्याआधी

“गाडी ऑइल खातेय” हे वाक्य दहा-बारा वर्षे जुनी गाडी असलेल्या बहुतेक घरांनी कधी ना कधी ऐकलेले असते. पाठोपाठ दुसरे वाक्य येते, “इंजिन खोलावे लागेल.” मग घरात हिशेब सुरू होतो. मुलीची फी भरायची आहे, अब्बांच्या डोळ्यांचे ऑपरेशन आहे, ईद तोंडावर आली आहे आणि त्यात हा खर्च. कोणी म्हणते, येईल त्या किमतीला फुंकून टाका. कोणी म्हणते, चालतेय तोवर चालवा, वरून ऑइल ओतत राहा.

आमच्या मते हे दोन्ही सल्ले घाईचे आहेत. त्याआधी दोन कामे करायची असतात. गाडी नेमके किती ऑइल खाते ते मोजायचे आणि ते कोणत्या वाटेने जाते ते शोधायचे. पहिले काम घरातला कोणीही करू शकतो. दुसऱ्यासाठी चांगला मिस्त्री लागतो, पण त्याला काय विचारायचे ते आपल्याला माहीत असले पाहिजे.

थोडे ऑइल जाणारच

इंजिनात पिस्टन सिलिंडरच्या आत वर-खाली धावतो. दोघांमध्ये ऑइलचा पातळ थर नसेल तर धातूवर धातू घासला जाईल. त्या थरातले थोडे ऑइल दर फेरीला जळते. म्हणून नव्या गाडीतही ऑइल किंचित कमी होते. प्रश्न असतो तो प्रमाणाचा.

या बाबतीत कंपन्यांची पुस्तिका वाचली तर आश्चर्य वाटते. टोयोटाच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला जास्तीत जास्त एक लिटर अशी मर्यादा छापलेली असते. पण ही मर्यादा म्हणजे चांगल्या तब्येतीचे लक्षण नव्हे. त्याच टोयोटाच्या २००७ ते २००९ च्या कॅमरी गाड्यांमध्ये ऑइल जास्त जाते अशा तक्रारी अमेरिकेत आल्या, तेव्हा कंपनीने तपासणीची एक रीत ठरवली. १,२०० मैलांत एक क्वार्ट, म्हणजे सुमारे १,९०० किलोमीटरला जवळजवळ एक लिटर ऑइल गेले, तर पिस्टन आणि रिंगांचे काम करून द्यायचे. आपल्या हिशेबात हे हजार किलोमीटरला अर्धा लिटर झाले.

आम्ही घरासाठी हीच ढोबळ रेषा धरतो. हजार किलोमीटरला दोनशे मिलिलिटरच्या आत असेल तर जुन्या गाडीला चालून जाईल. दोनशे ते पाचशेच्या दरम्यान कारण शोधावे. पाचशेच्या पुढे टाळाटाळ करू नये.

खरा धोका

लहान पेट्रोल गाडीच्या इंजिनात साधारण तीन ते चार लिटर ऑइल बसते. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, वरच्या आणि खालच्या खुणेत बहुधा एक लिटरच्या आसपास अंतर असते. गाडी हजार किलोमीटरला अर्धा लिटर खात असेल, तर दोन हजार किलोमीटरमध्ये पातळी खालच्या खुणेवर येते. सर्व्हिसिंग मात्र दहा हजार किलोमीटरवर. मधल्या आठ हजारांत कोणी बॉनेट उघडलेच नाही, तर इंजिन जाम होणे हा अपघात नसतो, तो गणिताचा निकाल असतो.

“ऑइल संपले तर दिवा लागेलच की,” असे अनेकजण म्हणतात. हा गैरसमज महागात पडतो. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, ऑइलचा दाब दाखवतो. दाब पडतो तो पंपाला ऑइल मिळेनासे झाल्यावर, म्हणजे पातळी धोक्याच्या खाली गेल्यावर. तो दिवा चालत्या गाडीत लागला, तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ असे म्हणू नये. गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, मुलामुलींना आणि सुनेलाही, हे एक वाक्य पाठ असायला हवे.

मोजायचे कसे

गाडी सपाट जागेवर उभी करावी. इंजिन गरम असावे, पण बंद करून दहा मिनिटे झालेली असावीत, म्हणजे वरचे ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिक काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पूर्ण आत घालावी, पुन्हा काढून पाहावी. पातळी वरच्या खुणेपर्यंत भरून घ्यावी आणि त्या दिवशीचे किलोमीटर एका वहीत लिहावेत. वही गाडीतच ठेवावी. मग दर पाचशे किलोमीटरला, पूर्वीसारख्याच रीतीने, पुन्हा पाहावे. किती मिलिलिटर ओतावे लागले ते लिहावे. हजार-दीड हजार किलोमीटर झाले की आकडा हातात येतो.

दोन सावधगिऱ्या. पहिली, वरच्या खुणेच्या पुढे भरू नये. जास्त ऑइलात क्रँकशाफ्ट घुसळत राहतो, फेस होतो आणि सील गळू लागतात. दुसरी, शहरातल्या छोट्या फेऱ्यांवर विसंबू नये. मदरसा, शाळा, बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते गरम होत नाही आणि थोडे पेट्रोल ऑइलात उतरते. ऑइल जळत असते, पण पेट्रोलची भर पडल्याने पातळी तेवढीच दिसते. मग ईदला सगळे कुटुंब घेऊन गाडी गावी निघते, तीनशे किलोमीटरच्या धावेत ते पेट्रोल उडून जाते आणि पातळी एकदम खाली दिसते. लांबच्या प्रवासाला निघताना पाहिलेली डिपस्टिक म्हणून पुरेशी नाही. वाटेत चहाला थांबल्यावर आणि पोहोचल्यावरही पाहावी.

ऑइल जाते कोणत्या वाटेने

वाटा दोनच आहेत. बाहेर गळणे किंवा आत जळणे.

गळती शोधणे सोपे असते. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरावा. सकाळी डाग कुठे पडला त्यावरून अंदाज येतो. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, चेंबरचे पॅकिंग, ऑइल फिल्टर, ड्रेन नटचा वॉशर आणि क्रँकचे सील या नेहमीच्या जागा. काही गळती फक्त चालत्या इंजिनात होते आणि थेंब गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडून जळतो. पुठ्ठा कोरडा राहतो, पण गाडी थांबल्यावर करपल्यासारखा वास येतो. अशा वेळी इंजिन बाहेरून धुऊन घ्यावे, दोन-तीन दिवस चालवावे आणि ओल कुठून फुटते ते पाहावे.

आत जळणारे ऑइल धुरातून बोलते. निळसर धूर ऑइलचा. काळा धूर जास्त इंधनाचा. इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसलेला पांढरा, गोडसर वासाचा धूर कूलंटचा, आणि तो दुखणे वेगळे असल्याची खूण आहे. रंगाइतकीच धुराची वेळही महत्त्वाची. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळा झोत येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. ही रबरी सीले वयाने आणि उष्णतेने कडक होतात, आणि रात्रभर ऑइल थेंबथेंब खाली उतरते. आंबा घाट किंवा वरंध घाट उतरताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असतो, इंजिनात ओढ वाढते आणि ऑइल त्या ढिल्या सीलांतून खेचले जाते. घाट संपून पुन्हा पाय दाबला की मागे निळा लोट दिसतो. चढावर, भार असताना, सतत धूर येत असेल तर संशय रिंगांवर. डिझेल गाडीत टर्बोचे सीलही तपासावे लागते. धूर मुळीच दिसत नाही म्हणून ऑइल जळत नाही असे मात्र नाही. थोडे जळणारे ऑइल डोळ्यांना दिसत नाही.

स्वस्तापासून सुरुवात

मिस्त्रीला पहिला प्रश्न विचारावा, “उस्ताद, पीसीव्ही व्हॉल्व्ह पाहिला का?” इंजिनाच्या पोटात साठणारा वायू बाहेर काढणारा हा छोटा भाग. तो उघडा अडकला तर ऑइलची वाफ सतत आत ओढली जाते. बंद अडकला तर आतला दाब वाढून सीले गळू लागतात. तो बऱ्याच गाड्यांत काही शे रुपयांत मिळतो, आणि तरीही अनेकदा सगळ्यात शेवटी आठवतो. त्यानंतर टॅपेट कव्हरचे पॅकिंग. त्यानंतर व्हॉल्व्ह सील, जी बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवताही बदलता येतात.

आमच्या घरातली गाडी चौदा वर्षांची आहे. वहीत हजार किलोमीटरला चारशे मिलिलिटरचा आकडा आला होता. पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलल्यावर तो दीडशेवर आला. प्रत्येक गाडीचे असेच होईल असे नाही, पण इंजिन खोलण्याआधी हे दोन भाग पाहिले गेले पाहिजेत.

रिंगांचा संशय असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. कमी आले, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर दोष रिंगांकडे, तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे. पण इथे एक खाच आहे. पिस्टनवर सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात, खालची ऑइल खरवडून खाली पाठवते. काजळीने ही खालची रिंग अडकली, तर कॉम्प्रेशन उत्तम येते आणि ऑइल तरीही जळते. म्हणून चांगले कॉम्प्रेशन म्हणजे निर्दोष रिंग नव्हे. प्लग काढून पाहावेत. एखादाच प्लग ओला-काळा असेल, तर दोष त्याच सिलिंडरपुरता आहे हेही कळते.

जाड ऑइल आणि बाटलीतले औषध

“जाड ऑइल टाकू, बंद होईल,” हा सल्ला अर्धा खरा आहे. पुस्तिकेत परवानगी असेल तर ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४० घेतल्याने खप काहीसा घटू शकतो. पण आजच्या बारीक वाटांच्या इंजिनात मनाने २०डब्ल्यू-५० ओतले, तर थंड इंजिनात ऑइल वरपर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज वाढते. धूर बंद करण्याच्या नावाखाली मिळणाऱ्या अनेक बाटल्या ऑइल फक्त जाड करतात. दोष जागेवरच राहतो. अडकलेली रिंग मोकळी करण्यासाठी सिलिंडरमध्ये द्रव मुरवत ठेवण्याची पद्धत आहे, तिने कधी गुण येतो, कधी येत नाही. ती मिस्त्रीकडूनच करून घ्यावी आणि नंतर ऑइल-फिल्टर बदलावा.

रिंगा अडकू नयेत यासाठी मात्र नक्की काही करता येते. ऑइल वेळेवर बदलावे, आणि गाडी कमी चालत असेल तर किलोमीटर न पाहता वर्षाला एकदा बदलावे. एअर फिल्टर स्वच्छ ठेवावा, कारण धुळीच्या रस्त्यांवर तीच धूळ सिलिंडर घासते.

खोलावे की ओतत राहावे?

समजा गाडी हजार किलोमीटरला तीनशे मिलिलिटर खाते आणि वर्षाला आठ हजार किलोमीटर चालते. वर्षाचे ऑइल अडीच लिटरच्या आसपास. इंजिन खोलून रिंगा-पिस्टन करायचे म्हणजे हजारोंचे काम, आणि बोअर घासलेला निघाला तर आणखी वाढते. अशा गाडीत मोजून ऑइल भरत राहणे हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. पंधरा वर्षे पूर्ण होत आली असतील, तर पुनर्नोंदणीचा खर्चही हिशेबात धरावा. एप्रिल २०२२ पासून कारसाठी तिचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा.

पण या हिशेबात एक ओळ पैशांची नाही. मागे निळा धूर सोडत जाणारी गाडी आपल्या खिशाला परवडत असली, तरी तो धूर मागच्या स्कूटरवर बसलेल्या लेकराच्या छातीत जातो. जळलेल्या ऑइलातले फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही हळूहळू निकामी करते, म्हणजे पुढचा धूर आणखी विषारी होतो. धूर उघड दिसू लागला की “परवडते” हा शब्द पुरेसा राहत नाही. दुरुस्ती करावी किंवा गाडी रस्त्यावरून काढावी.

विकायची असेल तर

ऑइल खाणारी गाडी जाड ऑइल ओतून, इंजिन चकाचक धुऊन, पाहायला येणाऱ्याच्या आधीच गरम करून ठेवतात, म्हणजे सकाळचा धूर दिसत नाही. बाजारात हे चालते. धान्याच्या ढिगावर कोरडे आणि आत भिजलेले ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला हजरत पैगंबर (स.) यांनी कसे टोकले होते, हे आपल्या घरांत लहान मुलांनाही माहीत असते. मालातला ऐब सांगून विकायचा असतो. ती गाडी घेणाराही कोणी तरी कर्ज काढून, बायको-मुलांना बसवण्यासाठीच घेणार असतो.

गाडीतली वही त्याच्या हातात द्यावी. “हजाराला इतके ऑइल लागते, हे भाग बदलले आहेत,” एवढे सांगावे आणि किंमत त्याप्रमाणे ठरवावी. चार-पाच हजार कमी येतील. पण घेणारा पहिल्या दिवसापासून डिपस्टिक पाहत राहील आणि मुलाबाळांसह भर रस्त्यात अडकून पडणार नाही.