छापील बंदूक आणि समतेचा भ्रम

शस्त्र कोणाच्या हाती असावे हा प्रश्न, सत्ता कोणाच्या हाती आहे या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. म्हणूनच टेबलावर मावणाऱ्या यंत्रातून प्लास्टिकची बंदूक 'छापता' येते, ही बाब केवळ तंत्रज्ञांची राहत नाही. तिचे समर्थक म्हणतात, शस्त्रावरची सरकारी मक्तेदारी संपली. आता दुबळाही बळवंताच्या बरोबरीला येईल. हा दावा शोषितांच्या बाजूने उभे राहून तपासला पाहिजे.

थ्रीडी प्रिंटर संगणकातील आराखडा वाचतो, प्लास्टिकचा धागा वितळवतो आणि थरावर थर चढवून वस्तू उभी करतो. मे २०१३ मध्ये टेक्सासमधील कोडी विल्सन या तरुणाने असे एक पिस्तूल जगापुढे आणले. ते एका वेळी एकच गोळी झाडणारे होते. नाव ठेवले 'लिबरेटर', म्हणजे मुक्तिदाता. आराखडा सर्वांना खुला केला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने शस्त्रनिर्यातीच्या नियमांवर बोट ठेवून तो काढायला लावला. पण तोवर दोनच दिवसांत सुमारे एक लाख प्रती उतरवून घेतल्या गेल्या होत्या. कारखान्याला टाळे ठोकता येते, आराखड्याला कसे ठोकणार?

मग ही बंदूक चालते का? गोळी सुटताना निर्माण होणारा दाब पोलाद सोसते, प्लास्टिक सहसा सोसत नाही. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी केलेल्या चाचणीत अशी एक बंदूक फुटली. म्हणजे समोरच्याइतकाच धोका झाडणाऱ्यालाही. पुढच्या काळातील आराखड्यांत सांगाडा प्लास्टिकचा आणि दाब सोसणारे भाग धातूचे अशी जोडणी आली. त्यामुळे 'कोणत्याही तपासणीत न सापडणारी बंदूक' ही भीती बरीचशी फुगवलेली आहे. खरी अडचण निराळीच आहे. या बंदुकीवर क्रमांक नसतो, दुकानाच्या वहीत तिची नोंद नसते. गुन्हा घडल्यावर तिचा माग काढणे कठीण होते.

सरकारेही स्वस्थ बसली नाहीत. जपानमध्ये २०१४ साली अशा बंदुका बनवणाऱ्या एका तरुणाला दोन वर्षांची कैद झाली. न्यू साउथ वेल्सने २०१५ साली बेकायदा आराखडा जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. अमेरिकेत मात्र 'आराखडा म्हणजे विचार, आणि विचाराला स्वातंत्र्य आहे' असा युक्तिवाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला.

आता ही बंदूक कोणाच्या हाती गेली ते पाहू. ऑक्टोबर २०१९ मध्ये जर्मनीतील हाले शहरात एका वंशद्वेष्ट्याने ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर हल्ला केला. त्याच्याजवळच्या घरगुती शस्त्रांत छापील प्लास्टिकचे भाग होते. दार टिकले, शस्त्रे पुन्हा पुन्हा अडकली, तरीही दोन माणसांचा बळी गेला. उलट बाजूला म्यानमार आहे. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या काही तरुणांनी लष्कराशी लढण्यासाठी छापील बंदुका बनवल्या. पण चांगली शस्त्रे मिळू लागताच त्या मागे पडल्या. एकच यंत्र द्वेष्ट्याच्याही कामी येते आणि लढणाऱ्याच्याही. यंत्राला बाजू नसते. म्हणून त्याला मुक्तिदाता म्हणणे ही फसवणूक आहे.

आपल्याला या प्रश्नाचा इतिहास आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये विचारले, भारतात सामाजिक क्रांती का झाली नाही? चातुर्वर्ण्याने खालच्या वर्णांना शस्त्र धरू दिले नाही, हे त्यांच्या उत्तराचे एक अंग. पण ते तिथेच थांबले नाहीत. युरोपातील दुबळ्यांपाशी लष्करी सेवा, मताधिकार आणि शिक्षण अशी तीन शस्त्रे होती, असे त्यांनी दाखवले. वर्णव्यवस्थेने लोखंडाचा तुकडा नाकारला नव्हता, अधिकार नाकारला होता. अधिकार कोणत्याही यंत्रातून छापून निघत नाही.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने विनापरवाना शस्त्र बनवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. परवान्याची बंदूक कोणाच्या वाड्यात टांगलेली असते आणि विनापरवान्याची झडती कोणत्या वस्तीत आधी होते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. छापील बंदुकीने ही विषमता मिटणार नाही. उलट तिच्या नुसत्या संशयानेही वस्तीवर धाड घालायला निमित्त मिळेल.

म्हणून तरुणांनी हे यंत्र जरूर शिकावे. त्याच यंत्राने कृत्रिम हात बनतात, बिघडलेल्या अवजाराचा न मिळणारा भाग बनतो. तंत्रज्ञान परक्यांच्या हाती सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही. पण बंदूक छापली की बरोबरी आली, या भ्रमात कोणी राहू नये. ज्याच्यामागे संघटना नाही, कायद्याचे ज्ञान नाही, त्याच्या हातातील बंदूक त्याच्याच विरुद्धचा पुरावा ठरते.