टार्पला पॅराकॉर्डच हवी?

सह्याद्रीत पावसाळी मुक्कामाचे बेत शिजू लागले की कुणीतरी विचारतं, हॅमॉकवर छप्पर म्हणून बांधायच्या टार्पला कोणती दोरी घेऊ? उत्तर ठरलेलं असतं : "डोळे झाकून पॅराकॉर्ड घे. अडीचशे किलो पेलते." नवख्या ट्रेकरला हे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की ऐकून वैताग येतो. आकडा खोटा नाही. पण टार्पच्या दोरीकडून आपल्याला जे हवं, त्याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही.

पॅराकॉर्ड मुळात बनली पॅराशूटसाठी. अमेरिकी सैन्याच्या मिल-सी-५०४० या मानकात तिसऱ्या प्रकारच्या दोरीने किमान ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो, पेलायला हवेत अशी अट होती. '५५० पॅराकॉर्ड' हे नाव त्यावरूनच पडलं. त्याच मानकातली दुसरी अट मात्र कुणी सांगत नाही : तुटण्यापूर्वी ही दोरी किमान ३० टक्के लांबली पाहिजे. पॅराशूट उघडताना बसणारा हिसका दोरीनेच झेलायचा असतो, म्हणून ती ताणली जाणं तिथे गरजेचं. टार्पला याच्या नेमकं उलट हवं. रात्री जेवढी ताणून बांधली, तेवढीच ती पहाटे राहायला हवी.

त्यात ही दोरी नायलॉनची. नायलॉन नुसत्या दमट हवेतूनही स्वतःच्या वजनाच्या चारेक टक्के पाणी ओढतं, चिंब भिजलं तर त्याहून कितीतरी जास्त. पॉलिएस्टर दमट हवेतून अर्धा टक्कासुद्धा घेत नाही. भिजलेलं नायलॉन नरम पडतं आणि तेवढ्याच ताणाखाली जास्त लांबतं. संध्याकाळी टिचकी मारल्यावर टणकन वाजणारी आढ्याची दोरी मध्यरात्री बोटाने सहज खाली दबते, टार्पच्या मधोमध खोलगट भाग तयार होतो, तिथे पाणी साचतं, त्या वजनाने दोरी आणखी लांबते. मग "टार्प नीट बांधला नव्हता" म्हणून बांधणाऱ्याला बोल लावले जातात.

विश्वास बसत नसेल तर घरीच पाहा. पॅराकॉर्डचा आणि तेवढ्याच जाडीच्या पॉलिएस्टर दोरीचा दोन-दोन मीटरचा तुकडा गॅलरीच्या गजाला बांधा, प्रत्येकाला पाच लिटर पाण्याचा कॅन लटकवा आणि तळ कुठे येतो तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण करा. दोऱ्या भिजवून ओल्या ठेवा आणि सकाळी खुणा तपासा.

आता ताकदीचा हिशोब. तीन बाय तीन मीटरचा टार्प छपरासारखा बांधला तर वाऱ्याकडची बाजू साडेचार चौरस मीटरची. ताशी ४० किलोमीटरचा वारा तिच्यावर थेट आदळला तरी चौरस मीटरमागे भार येतो साडेसात किलोच्या आसपास, म्हणजे सगळा मिळून ३४ किलो. तोही कोपऱ्यांचे तणावे आणि आढ्याची दोरी मिळून वाटून घेतात. वारा दुप्पट झाला की भार चौपट होतो, हे खरं. पण तेव्हाही आधी ओल्या मातीतून मेख उपटते किंवा टार्पची कडी फाटते. तीन मिलिमीटरची, घट्ट विणलेली पॉलिएस्टर दोरी शंभर किलोच्या वर पेलते. टार्पला ती पुरेशी आहे, आणि हाताला न रुतता गाठ मारता येईल इतकी जाडही.

सगळा दोष दोरीच्या माथी मारणंही बरोबर नाही. टार्पच सिल्नायलॉनचा, म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचा, असेल तर कापडसुद्धा भिजून सैल पडणार. तिथे दोरी कोणतीही असो, झोपण्यापूर्वी एकदा ताण द्यावाच लागतो.

पाऊस आला की तणावे सैल करावेत, हा जुन्या लोकांचा सल्ला सुती दोरांच्या काळातला आहे. सुती दोर भिजला की आखडतो आणि मेखा उपटतो. नायलॉनला तोच सल्ला लावणं म्हणजे सैल पडणाऱ्याला आणखी सैल करणं.

हार्डवेअरच्या दुकानातली निळी-हिरवी 'नायलॉन दोरी' बहुधा नायलॉन नसतेच. तुकडा बादलीत दाबून हवा काढून टाका. तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीनसारख्या हलक्या प्लास्टिकचा. उन्हात लवकर ठिसूळ होणारा.

महागडी डायनीमा दोरी सर्वांत चांगली, असंही सरसकट म्हणता येत नाही. ती पाणी पीत नाही, ताणली जात नाही, पण इतकी गुळगुळीत असते की साधी सुरगाठ सरकत जाते, आणि दीडशे अंशांच्या आतच वितळते. शेकोटीजवळ ती नको.

राहिला सर्वांत धोकादायक गैरसमज : "उरलेल्या पॅराकॉर्डवर हॅमॉकही टांगता येतो, आपलं वजन सत्तरच तर किलो." वजन सत्तर असलं तरी दोरीवरचा ताण तिच्या कोनावर ठरतो. दोरी आडव्या रेषेपासून ३० अंशांवर असेल तर प्रत्येक बाजूला ७० किलो येतात. हॅमॉक ताठ दिसावा म्हणून दोरी ओढून कोन १० अंशांवर आणला की तेच २०० किलो होतात. वर गाठ मारल्याने दोरीची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. म्हणजे २५० किलोच्या दोरीत काही शिल्लकच राहत नाही, आणि खाली दगड असतात. हॅमॉकसाठी झाडाभोवती किमान अडीच सेंटीमीटर रुंद पॉलिएस्टरचा पट्टाच बांधा. बारीक दोरी सालीत रुतून झाडालाही जखम करते. पट्टा घेताना त्यावरचा आकडा सुरक्षित भाराचा आहे की तुटण्याच्या भाराचा, हे दुकानदाराला आधी विचारा.