पंचक्रोशीच्या वाटेवरची सावली

रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही रामघाटावर जमतो. त्या वेळी घाटावर पंडे आपापल्या छत्र्या उघडत असतात, कुणी संकल्प सांगत असतं, कुणी शिप्रेत डुबकी मारून कुडकुडत पायऱ्या चढत असतं. आमच्याकडे मात्र पूजेचं ताट नसतं. कुणाच्या स्कूटरवर पाण्याचे कॅन, कुणाच्या पिशवीत खुरपी आणि कोयता, वहिनींच्या डब्यात सगळ्यांपुरते पोहे. सात-आठ घरं आहोत. निम्मी मराठी, निम्मी शेजारपाजारची मालवी. घाटावरचे ओळखीचे लोक विचारतात, "कसली सेवा?" मी सांगते, "रस्त्याला सावली करतोय."

हा रस्ता म्हणजे आपल्या उज्जैनच्या पंचक्रोशी यात्रेचा. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. यात्रा वैशाख वद्य दशमीला सुरू होते आणि अमावास्येला संपते. हा इकडचा पौर्णिमांत हिशेब. महाराष्ट्रातल्या पंचांगात तीच तिथी चैत्र वद्य दशमी असते. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझा पहिल्या वर्षी हाच गोंधळ झाला होता. सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, "पंचांग कुठलंही असू दे, ऊन एकच."

यात्रेकरू शिप्रेत स्नान करतात, पटणी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडून 'बल' मागून घेतात आणि चालू लागतात. पूर्वेला पिंगलेश्वर, दक्षिणेला करोहनचा कायावरोहणेश्वर, पश्चिमेला अंबोदियाचा बिल्वकेश्वर, उत्तरेला जैथलचा दुर्दुरेश्वर. हे चार द्वारपाल. मध्ये नलवा, कालियादेह, उंडासा असे मुक्काम. एकूण ११८ किलोमीटर. डोक्यावर शिधा-सरपणाचं गाठोडं घेतलेल्या, अनवाणी चालणाऱ्या खेड्यांतल्या बायका यात सर्वांत जास्त. शेवटी परत नागचंद्रेश्वराला येऊन मातीचा घोडा वाहायचा आणि घेतलेलं बल परत करायचं.

काही वर्षांपूर्वी मी शेजारच्या भाभींबरोबर पहिल्यांदा ही यात्रा केली. पिंगलेश्वर ते करोहन हा सर्वांत लांब टप्पा, २३ किलोमीटर. गावोगावचे लोक पाणी, ताक, सरबत घेऊन उभे असतात, "माताजी, जरा थांबा" म्हणून आग्रह करतात. पण दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर, गहू काढून मोकळ्या झालेल्या शेतांमध्ये, टेकायला झाड नाही. एका जागी एकच कडुनिंब होता आणि त्याच्याखाली चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती. एक म्हातारी बाई सावलीच्या कडेला पाय आत आणि अंग उन्हात अशी बसली होती. तळपायाला फोड आले होते. तिला जागा करून द्यायला आम्ही उठलो आणि पुढे चालू लागलो, पण ते चित्र डोक्यातून गेलं नाही.

गंमत अशी की, पुराणांत या भूमीचं नावच 'महाकालवन' आहे. म्हणजे ही एका वनाची प्रदक्षिणा आहे. वन गेलं, प्रदक्षिणा राहिली.

घरी आल्यावर हा विषय निघाला. आमच्या गटातले बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "आपण मराठी माणसं या गावात काय काय मागे ठेवून गेलो, ते अभिमानाने सांगतो. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभारलं, बायजाबाई शिंद्यांनी गोपाळ मंदिर बांधलं. आपल्याला देऊळ बांधणं जमायचं नाही. दहा झाडं जमतील."

दहा झाडं लावणंही सोपं नाही, हे नंतर कळलं. ग्रामपंचायतीची परवानगी मिळाली, पण रस्त्याला लागून ज्यांचं शेत आहे त्या शेतकऱ्याची खरी परवानगी लागते. झाडाची सावली पिकावर पडली की तेवढा गहू कमी. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा शेताच्या बांधावर बसलेले एक दादाजी शांतपणे म्हणाले, "पेड तो सब लगा जाते हैं बहनजी, पानी कौन देगा?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. काका म्हणाले, "हम देंगे, तीन साल." दादाजी नुसते हसले.

पण जागा त्यांनीच दाखवली. आमच्या वाट्याचा रस्ता पूर्व-पश्चिम जातो. ते म्हणाले, झाडं रस्त्याच्या दक्षिण कडेला लावा. हिवाळ्यात गहू उभा असतो तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून सावली उत्तरेला, म्हणजे रस्त्यावर पडते. शेताला त्रास नाही. आम्ही शिकलेली माणसं, पण हे आम्हाला सुचलं नव्हतं.

झाडं कुठली, हाही प्रश्न होता. यात्रा ऐन उन्हाळ्यात. तेव्हा ज्याला पानं असतील तेच झाड कामाचं. साग त्या दिवसांत उघडा पडतो, पळस फुलांनी सुंदर दिसतो पण सावली देत नाही. म्हणून कडुनिंब, करंज, वड, पिंपळ, जांभूळ आणि चिंच. शिवाय प्रत्येक टोकाला एकेक बेल, महादेवासाठी.

मे महिन्यात दोन-दोन फुटांचे खड्डे खणले. इथली काळी माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की, पहार अडकून बसते. खड्डे महिनाभर उन्हात तापू दिले. २०२२ च्या जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावर, चार-पाच फुटी रोपं लावली. शेळ्यांसाठी भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. हिवाळा संपताना प्रत्येक रोपाशेजारी मडकं पुरलं. मडक्याच्या बुडाला बारीक भोक, त्यात सुती चिंधीची वात. मडकं भरून ठेवलं की पाणी हळूहळू मुळांशी झिरपतं. तरी पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी जावंच लागे.

आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये, यात्रेला थोडे दिवस उरले असताना, सकाळी फोन आला. 'नरवाई' पेटली होती. नरवाई म्हणजे गहू काढल्यावर शेतात उरणारे खुंट. जाळायला बंदी असली तरी पुढच्या पिकाच्या घाईत कुणीतरी काडी लावतं, मग वारा ठरवतो ती कुठे जाणार. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्याची ती कड काळी झाली होती. काट्यांची कुंपणं सर्वांत आधी पेटली होती. जे शेळ्यांपासून राखायला लावलं, त्यानेच आग रोपांपर्यंत नेली. निम्म्याहून जास्त रोपं गेली. वहिनी एका तडकलेल्या मडक्याजवळ बसून राहिल्या. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही.

त्या वर्षी यात्रा तशीच उन्हातून गेली. आम्ही पाणी वाटत उभे होतो आणि मला मान वर करायची लाज वाटत होती.

पुढच्या रविवारी रामघाटावर आम्ही फक्त चौघं होतो. चौघंच गेलो. तिथे दादाजी ट्रॅक्टर घेऊन आले होते. उरलेल्या रोपांच्या आणि शेताच्या मधून त्यांनी नांगराचे दोन तास मारले होते. खुंट उलटून माती वर आली की आग तिथे थांबते. म्हणाले, "तुम लोग आ गए, अच्छा हुआ." एवढंच. दर वर्षी गहू निघाला की ते तास आता तेच मारतात. आम्ही काट्यांऐवजी लोखंडी जाळी लावली आणि बुंध्याभोवतीचं वाळलं गवत मार्चमध्येच काढून टाकायला लागलो.

जुलैत आणखी एक गोष्ट झाली. मेली समजून सोडून दिलेल्या करंजांपैकी काहींना जमिनीलगत कोंब फुटले. भैरवगढच्या सिद्धवटाची आख्यायिका आठवली. तो वड तोडून वर लोखंडी तवे ठोकले, तरी कोंब तवे फोडून वर आला म्हणतात. ती कथा लहान मुलांना सांगायची असते, असं मला वाटायचं.

आज त्या तुकड्यातली काही झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. सावली अजून लहान आहे. एका वेळी दोन-तीन माणसं बसतील एवढी. गेल्या यात्रेत दोन बायका गाठोडी उतरवून एका करंजाखाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि उठून गेल्या. झाड कुणी लावलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्याची गरजही नव्हती.

काकांचा तीन वर्षांचा शब्द पुरा झाला आहे. दादाजींना तसं सांगितलं तर म्हणाले, "अब आगे?" म्हणून पुढचा तुकडा घेतला आहे. २०२८ चा सिंहस्थ येतोय, यात्रेकरू वाढतील. ११८ किलोमीटर आमच्या हातून होणार नाहीत. पण एकेका वस्तीने, एकेका मंडळाने थोडा थोडा रस्ता धरला, तर होतील.

ज्यांना यायचं आहे त्यांनी रविवारी सहा वाजता रामघाटावर यावं. पाण्याचा एक भरलेला कॅन आणि डोक्याला टोपी आणावी. नागचंद्रेश्वराकडून घेतलेलं बल परत करायला मातीचा घोडा तर वाहायचाच, त्याबरोबर एखादं झाडही तीन उन्हाळे सांभाळावं. पोहे वहिनी आणतात.