आईच्या हातचे सलाइन

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगावला त्यांच्या मागोमाग कॉलरा पोहोचला. इस्पितळातल्या खाटा भरल्या, रुग्ण जमिनीवरच पडून राहिले. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते आणि ते लावणारी प्रशिक्षित माणसेही अपुरी होती.

कॉलऱ्यात माणूस दगावतो तो शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. पण या रोगातही आतड्याची एक वाट शाबूत राहते. ग्लुकोज शोषले जाताना सोबत सोडियम आत नेते आणि त्यामागून पाणी जाते. ढाका व कलकत्त्याच्या प्रयोगांत हे आधीच दिसले होते, मात्र तिथे डॉक्टरांची कडक देखरेख होती.

बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी ती अट सोडली. लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण त्यांनी रुग्णांच्या आयांच्या, भावंडांच्या हाती दिले. केवळ शिरेतल्या सलाइनवर भिस्त असताना शंभरातले वीस-तीस रुग्ण दगावत. आता हे प्रमाण चारच्याही खाली आले.

आज ओआरएसचे पाकीट घरोघरी असते. निर्वासितांकडे आपण मदत घेणारे म्हणूनच पाहतो. बनगावला रुग्णांना घोटघोट पाणी पाजून वाचवणारेही निर्वासितच होते, हे ते पाकीट फोडताना आठवावे.