चाकांचे बूट आणि शाळेची वाट

दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाली, त्याच दिवशी नववीतील एक विद्यार्थिनी हातात मोठी पिशवी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पिशवीत बुटांचा जोड होता. प्रत्येक बुटाच्या तळाला एकामागे एक अशी चार चाके होती. पुण्याच्या मामांनी दिवाळीची भेट म्हणून दिलेले ते स्केट्स.

"सर, यावरून शाळेत येता येईल का हो?" तिने विचारले.

तिची वस्ती कोरेगावपासून अडीच किलोमीटर. चालत यायला अर्धा तास, जायला अर्धा तास. घरात सायकल एकच आणि ती थोरल्या भावाच्या ताब्यात. त्यामुळे प्रश्न गमतीचा नव्हता, रोजच्या एका तासाचा होता. आजीने मात्र आपला निकाल आधीच देऊन टाकला होता : "पायाला चाकं बांधून कुणी शाळंला जातंय व्हय?"

मी शास्त्र शिकवतो. पण असले बूट माझ्या पायांत कधी आले नव्हते. "करून पाहू," एवढेच मी म्हणालो. पुढचे पाचसहा रविवार आम्ही शाळेच्या फरसबंद अंगणात काढले. तिचा भाऊही यायचा, बहुतेक हसण्यासाठी.

पहिल्या दिवशी ती उभी राहिली आणि चालू लागली, म्हणजे चालायला गेली. चालताना आपण काय करतो? पायाने जमीन मागे ढकलतो आणि त्या ढकलण्याची प्रतिक्रिया आपल्याला पुढे नेते. न्यूटनचा तिसरा नियम तुम्हांला पाठ असेलच. पण जमीन मागे ढकलायची तर तळवा जमिनीला घट्ट धरून राहिला पाहिजे, म्हणजे घर्षण हवे. चाकाने नेमके तेच घर्षण काढून घेतलेले असते. तिने पाय मागे रेटला, तो एकटाच मागे निघून गेला आणि बाई जमिनीवर! भावाची करमणूक झाली.

मग पुढे जायचे कसे? घरी एक प्रयोग करून पाहा. टेबलावर पाचसहा गोल पेन्सिली एकमेकींना समांतर मांडा आणि त्यांवर एक जाडजूड पुस्तक ठेवा. पेन्सिलींना काटकोनात ढकलले, तर पुस्तक बोटाच्या धक्क्याने पळते. पेन्सिलींच्या लांबीच्या दिशेने ढकलले, तर अडते. चाकाचा स्वभाव असाच आहे. एका दिशेने ते मोकळे असते आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेने जमिनीला धरून बसते. तेव्हा स्केट्सवर ढकलायचे ते मागे नव्हे, बाजूला. पाऊल बाहेरच्या अंगाला थोडे वळवायचे आणि चाकांच्या रांगेशी काटकोनात जोर लावायचा. ओल्या लिंबाची बी चिमटीत दाबली की दाबाच्या दिशेने न जाता पुढे सटकते ना? त्यातलाच हा प्रकार.

दहावीतल्या वाचकांनी थोडे गणितही करावे. पाऊल जाण्याच्या दिशेशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर लावलेल्या जोराचा निम्मा भाग पुढे नेण्याच्या कामी येतो. कारण ३० अंशांची साइन ०.५ आहे. उरलेला भाग बाजूला ढकलतो. पुढच्या खेपेला दुसरा पाय उलट बाजूला ढकलतो आणि हिशेब मिटतो. स्केट्सवर चालणारा माणूस म्हणून नागमोडी जातो. गोमूत्रिका म्हणतात ना, तशी त्याची वाट असते.

हे कळल्यावर दुसऱ्या रविवारी ती अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कळल्यामुळेच गेली, असे मात्र मी म्हणणार नाही. तोल सांभाळण्याचे शिक्षण मेंदूत वेगळ्याच ठिकाणी होते. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके कोणत्याही दिशेला वळले, की त्यांतील द्रव मागे रेंगाळतो आणि तेथील सूक्ष्म केस वाकून मेंदूला खबर देतात. डोळे, स्नायू आणि तळवे आपापली खबर पाठवितात. या सगळ्यांचा मेळ घालून पुढचा हुकूम बिनचूक करण्याचे काम मुख्यतः लहान मेंदूचे. तो शिकतो चुकांवरून; पुस्तकावरून नाही. म्हणूनच माझ्या तोंडी सगळे नियम होते आणि तोल मात्र तिला आला.

एका रांगेतल्या चाकांवर तोल राहतो तरी कसा? तळहातावर काठी उभी करून पाहा. काठी ज्या बाजूला झुकेल तिकडेच तुम्ही हात नेता. आधाराची जागा गुरुत्वमध्याखाली आणून ठेवता. सायकलवाला हेच हँडल वळवून करतो आणि स्केटवाला दुसरे पाऊल टाकून करतो. जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ मध्ये एकामागे एक अशी दोन चाके लावलेले लाकडी वाहन बनविले. त्याला पायटे नव्हते. बसायचे आणि पायांनी जमीन रेटायची. १२ जून १८१७ रोजी ते त्यावरून मानहाइम शहराबाहेर फिरून आले. सायकलचा हा पूर्वज आणि आपले चाकांचे बूट हे तसे चुलतभाऊच म्हणायचे!

चाकांच्या बुटांची वंशावळ तर त्याहूनही जुनी आहे आणि तिची सुरुवात फजितीने होते. मूळचे बेल्जियमचे जॉन जोसेफ मर्लिन हे यंत्रांचे कुशल कारागीर अठराव्या शतकात लंडनला होते. एका मोठ्या मेजवानीत ते चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवीत शिरले. बुटांना ना थांबायची सोय, ना वळायची. समोर पाचशे पौंडांहून अधिक किमतीचा भलामोठा आरसा होता. आरसा फुटला, व्हायोलिनचे तुकडे झाले आणि स्वतः मर्लिन जबर जखमी झाले, अशी हकीकत नंतरच्या एका पुस्तकात आली आहे. वळण्याची सोय १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिंप्टन यांनी केली. पुढे दोन आणि मागे दोन अशा चाकांच्या बुटात त्यांनी रबरी गादी बसविली. अंग कलते केले की बूट वळू लागला. एका रांगेतली चाके पुन्हा लोकप्रिय झाली ती १९८० नंतर. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या बर्फावर हॉकी खेळणाऱ्या भावांना, उन्हाळ्यात बर्फ नसताना सराव करण्यासाठी तसे बूट हवे होते.

आमच्या मुलीला आरशाची भीती नव्हती; अंगणाच्या टोकाला शाळेची भिंत होती. थांबायला शिकणे हे चालायला शिकण्याहून महत्त्वाचे, हे मी तिला तिसऱ्या रविवारी सांगितले. खरे तर पहिल्याच रविवारी सांगायला हवे होते. ५० किलो वजनाचा माणूस सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी साधारण १४ किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा ४०० ज्यूल होते. ८० सेंटिमीटर उंचीवरून खाली पडताना मिळते तेवढीच ही ऊर्जा. म्हणजे या वेगाने भिंतीवर आदळणे हे टेबलावरून पडण्यासारखे झाले. आणि उतार लागला तर? घर्षण व हवेचा अडथळा सोडून दिला, तर अवघे ५ मीटर खाली उतरताच वेग ताशी ३५ किलोमीटर होईल. सातारच्या एखाद्या चढउताराच्या रस्त्यावर हे बूट घालून कोणी निघाले, तर पुढची कथा मर्लिनसाहेबांचीच.

बुटाच्या टाचेला रबराचा ठोकळा असतो. त्या पायाचे बोट वर उचलले की तो जमिनीला घासतो आणि ऊर्जा हळूहळू उष्णतेत जाते. थांबायला जितके अंतर जास्त, तितका धक्का कमी. गुडघे वाकवून ठेवायचे, गुरुत्वमध्य खाली आणायचा, आणि पडायचेच झाले तर पुढे, गुडघ्यांवरच्या वाट्यांवर पडायचे. आपण सहजपणे हात टेकतो आणि मनगट दुखावतो. या खेळात सर्वांत जास्त इजा मनगटालाच होते. म्हणून मनगटाला कडक पट्टीचे आवरण, कोपर-गुडघ्यांना वाट्या आणि डोक्याला शिरस्त्राण, एवढे केल्याशिवाय मी तिला उभेच राहू देत नसे.

पाचव्या रविवारी रस्ता. वस्तीतून निघणारा सिमेंटचा नवा रस्ता आठशे मीटर आहे, पुढे खडीचा तुकडा आणि मग मोठा डांबरी रस्ता. सिमेंटवर ती झकास आली. खडी सुरू होण्याच्या जरा अलीकडे एक खडा पडला होता, हरभऱ्याएवढा. चाक त्यावर अडले, बाई पुढे गेली. वाट्यांमुळे लागले नाही, पण राग आला. "एवढ्याशा खड्याने?"

हो, एवढ्याशानेच. चाक खड्यावर चढायचे म्हणजे त्याला खड्याच्या माथ्याभोवती फिरवायचे. त्यासाठी आसाशी किती जोर लागेल ते बलांच्या परिबलांवरून काढता येते. बुटाचे चाक ८० मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे त्रिज्या ४०. खडा १० मिलिमीटर उंच. पायथागोरसचा सिद्धांत वापरला, की चाकावर जेवढा भार असेल त्याच्या ०.८८ पट जोर पुढच्या दिशेने लागतो, असे उत्तर येते. सायकलच्या चाकाची त्रिज्या साधारण ३५० मिलिमीटर. त्याच खड्यासाठी तिला भाराच्या पावपटीहूनही कमी जोर पुरतो. शिवाय सायकलची धाव हवेची. खडा थोडासा तिच्या पोटातच जातो. बैलगाडीची चाके एवढी मोठी का, याचे उत्तरही यातच आले. उसाच्या हंगामात मोठ्या रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडी असतात. त्यावर तर या बुटांचे काही चालत नाही, आणि ट्रॉल्यांच्या गर्दीत ते घालून जायचेही नाही, हे मी बजावून सांगितले.

हवेच्या धावेची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. डनलॉप यांनी सायकलला हवेची धाव लावली ते साल १८८८. त्याच साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. ते स्वतः मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. सायकली तेथून बेळगावला धाडीत आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. सायकलची किंमत तेव्हा सातशे ते हजार रुपये! पण नुसती विकून भागत नसे, कारण घेणाऱ्याला बसता येत नसे. रामूअण्णा पंधरा रुपये फी घेऊन सायकल चालवायला शिकवीत. त्या काळच्या आज्या काय म्हणाल्या असतील, त्याची कल्पना मला आता करता येते. लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी हे सगळे त्यानंतरचे. कोरेगावला मिरजेकडची गाडी पकडलीत, तर त्याच मार्गावर किर्लोस्करवाडीचे स्टेशन लागेल.

शेवटी आमच्या मुलीनेच हिशेब मांडला. सिमेंटचे आठशे मीटर चालत सुमारे साडेनऊ मिनिटे, स्केट्सवर चार. बूट घालायला दोन मिनिटे, काढायला दोन. वाचले दीड मिनिट, आणि पुढे शाळेपर्यंत पिशवीचे ओझे. म्हणजे वाहन म्हणून हे बूट या वाटेवर नापास. आजी जिंकल्या.

पण भावाने मधल्या काळात हसणे थांबविले होते. एका संध्याकाळी त्याने बूट मागितले. तिने लगेच दिले नाहीत. रामूअण्णांची फी पंधरा रुपये होती. हिने आठवड्यातून तीन दिवस सायकल मागितली. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे ठरले आहे. त्या दिवशी ती बारा मिनिटांत शाळेत येते. भाऊ अजून भिंतीपाशी थांबायला शिकतो आहे.