सिस्टरच्या श्वासाची काळजी कुणाला?

मैत्रिणींनो, आपलं माणूस दवाखान्यात ॲडमिट असलं की आपला सगळा जीव त्या कॉटपाशी असतो. सलाइन संपत आलं का, ताप उतरला का, डॉक्टर कधी येणार? साहजिकच आहे. पण रुग्णाच्या तोंडाशी वाकून, त्याचा खोकला अंगावर घेत काम करणारी सिस्टरही कुणाची तरी लेक, कुणाची तरी आई असते. तिच्या जिवाला किती धोका आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

दम लागलेल्याला नेब्युलायझरची वाफ देणं, घशातला कफ सक्शनने ओढणं, श्वास अडला तर घशात नळी घालणं, ही कामं अगदी जवळून करावी लागतात. त्यात रुग्णाला खोकल्याची उबळ आली की बारीक तुषार उडतात. मोठे थेंब लगेच खाली पडतात, पण अतिसूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगतात. उदबत्ती विझल्यावरही वास रेंगाळतो ना, तसंच!

२००३ मध्ये सार्सची साथ आली, तेव्हा हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियाचा एक रुग्ण दाखल झाला. हा नवा आजार आहे, याची कुणालाच कल्पना नव्हती. त्याला नेब्युलायझर लावला. पुढे तिथे सार्सच्या ज्या १३८ रुग्णांवर उपचार झाले, त्यातले ६९ जण दवाखान्याचेच कर्मचारी होते आणि त्यात ३४ परिचारिका! नेब्युलायझरमुळे संसर्ग पसरायला हातभार लागला असावा, असं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं. त्या साथीत जगभरातल्या साधारण दर पाच रुग्णांमागे एक आरोग्य कर्मचारी होता.

२०२० च्या कोरोनानंतर आणखी एक गोष्ट लक्षात आली. नुसत्या खोकल्यातूनही असे कण भरपूर बाहेर पडतात. म्हणजे धोका फक्त आयसीयूत नाही. आपल्याकडचा टीबीही हवेतूनच पसरतो. त्यामुळे ओपीडीतली सिस्टर, बेडका तपासणारी लॅबमधली मुलगी आणि वॉर्ड पुसणाऱ्या मावशी, सगळ्यांनाच जपायला हवं.

उपाय फार अवघड नाहीत. खोकणाऱ्या रुग्णाला साधा मास्क लावावा. सिस्टरला मात्र चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ हवा. साधा मास्क बाजूने उघडा राहतो आणि नाकाला लावलेला पदर काही कामाचा नाही. वॉर्डच्या खिडक्या उघड्या असाव्यात. बेडक्याचा नमुना मोकळ्या हवेत द्यावा. वाफ चालू असताना नातेवाइकांनी कॉटभोवती गर्दी करू नये.

कोरोनात आपण थाळ्या वाजवल्या, ते ठीकच. आता आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन सिस्टरांना विचारूया, “एन-९५ मिळतात का हो तुम्हाला?” मिळत नसतील तर महिला मंडळातर्फे रुग्ण कल्याण समितीकडे लेखी अर्ज देऊया. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरायचं नाही बरं का!