अठ्ठावीस अधिक बारा

दहावीचा ‘इतिहास व राज्यशास्त्र’चा पेपर 40 गुणांचा. त्यातले 28 इतिहासाचे आणि 12 राज्यशास्त्राचे. हिशेब मुलांनाही कळतो, शिक्षकांनाही. त्यामुळे राज्यशास्त्राची प्रकरणं बहुतेक ठिकाणी शेवटी उरकली जातात. इतरत्र हे चालून जात असेल, सातारा-सांगलीत चालू नये. इथं हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत.

औंध संस्थानाचंच बघा. त्याचा मुलूख सलग नव्हता. साताऱ्यात औंध, आजच्या सांगली जिल्ह्यात आटपाडी आणि कुंडल, अशी विखुरलेली 72 गावं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेली घटना जानेवारी 1939 मध्ये लागू केली आणि कारभार प्रजेच्या हाती दिला. गावानं पंचायत निवडायची, पंचायतींमधून तालुक्याची समिती, तिथून विधिमंडळ. राजानं आपणहून सत्ता सोडल्याचं असं उदाहरण पुस्तकात शोधायला लांब जायला नको, एसटीनं जाता येतं.

पुढची गोष्ट याच कुंडलची. सप्टेंबर 1942 मध्ये वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर गोळीबार झाला आणि चळवळ भूमिगत झाली. कुंडल संस्थानी हद्दीत, म्हणजे ब्रिटिश पोलिसांचा हात तिथं सहज पोचेना. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारला हा आसरा मोठा होता. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वेगाडी लुटली, एवढं मुलांना पाठ असतं. पण त्याच लोकांनी न्यायदान मंडळं चालवली, दारूबंदी केली, कमी खर्चात लग्नं लावून दिली, याकडे वर्गात फारसं थांबणं होत नाही. आणि गावगुंडांच्या तळपायांवर काठ्याही मारल्या. त्या मुलांपासून लपवू नयेत. उलट विचारावं : चौकशी करणारा आणि शिक्षा देणारा एकच असला, तर दाद कुणाकडे मागायची? न्यायालय स्वतंत्र का लागतं, हे या एका प्रश्नातून जेवढं समजेल तेवढं रिकाम्या जागा भरून समजणार नाही.

शाळांबद्दल तर बोलायलाच नको. साताऱ्याच्या ज्या शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, तिच्या पटावर 7 नोव्हेंबर 1900 ला भीमरावांचं नाव चढलं. तेच पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. कराडच्या टिळक हायस्कूलमधल्या देवराष्ट्रेच्या एका विद्यार्थ्यानं 26 जानेवारी 1932 ला शाळेत तिरंगा लावला आणि अठरा महिन्यांची शिक्षा भोगली. ते यशवंतराव चव्हाण. ते मुख्यमंत्री असतानाच, 1 मे 1962 ला राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. आता हा धडा इतिहासाचा की राज्यशास्त्राचा?

सहलीला गड-किल्ले जरूर दाखवावेत. पण एक फेरी औंध-कुंडलचीही काढावी, आणि तीही परीक्षेला येणार नाही असं सांगून. त्याच वर्षी नववी-दहावीच्या मुलांना ग्रामसभा बघायला न्यावं. गणपूर्तीअभावी ती तहकूब झाली, तरी मुलांना घरी धाडू नये. गाव का आलं नाही, हे त्यांनाच दारोदार विचारून यायला सांगावं.